हात थांबला की मशीन बंद

३ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्ष घातला असं समजू नये.

आज सकाळी बाईंनी मला बोलावलं. बाई म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण. म्हणाल्या, मुख्य प्रोग्रॅमरच्या जागेसाठी एक उमेदवार येतो आहे, त्याचं मशीन सोमवारपर्यंत तयार ठेव. मी नाव वाचलं, आडनाव वाचलं, तरी विश्वास बसेना. मग जन्मतारीख वाचली आणि खात्री पटली, कारण दर वर्षी त्याच दिवशी आई मला समोर बसवून तुझी थोरवी सांगते आणि शेवटी म्हणते, "नाहीतर तू."

फोनवर मी अडखळतो आणि समोरचा माझी वाक्यं पुरी करून टाकतो, तीही चुकीची. म्हणून हे ईमेलने लिहितो आहे.

आमच्याकडे उमेदवाराची मुलाखत घेत नाहीत. बोलण्यात सगळेच वाघ असतात असं बाईंचं मत आहे. उमेदवाराला आठवडाभर खरं काम देतात. ते त्याने घरी बसून करायचं, पण स्वतःच्या लॅपटॉपवर नाही. कुठेतरी दूर भाड्याने घेतलेली मशिनं असतात, त्यांतलं एक त्याला मिळतं. काम, फाइली, चाचण्या, सगळं त्या मशीनवर. त्याचा लॅपटॉप म्हणजे नुसती खिडकी. तुला हे ठाऊक असायला हवं, पण मोठ्या कंपनीतल्या लोकांना वाढलेलं ताट मिळतं, वाढतं कोण हे ते कधी बघत नाहीत. आमच्याकडे ते ताट मी वाढतो. तुझ्या लग्नात मामांनी पाहुण्यांना माझी ओळख "हा आमचा भाचा, वायरी जोडतो" अशी करून दिली होती. वायरी मी कधीच जोडलेल्या नाहीत. कळावे.

सोबत चाव्यांची जोडी कशी तयार करायची त्याच्या सूचना पाठवतो. जोडीतली एक फाइल मला पाठव. कोणती ते सूचनांत लिहिलं आहे.

एक विचारतो. तुझी एवढी थोरली नोकरी असताना आमच्या वीस-बावीस माणसांच्या कंपनीत तुझं काय काम? वरचा मजला कमी पडला का?

तुझा,
टाचणी


४ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

आशीर्वाद, पचतील तेवढे घे.

वरचा मजला कमी पडला नाही, वरून खाली ढकललं. ऑगस्टमध्ये. सकाळी लॅपटॉप उघडला तर तो मला ओळखेना. पासवर्ड चुकला म्हणून तीनदा टाकला. मग एका पोरीचा फोन आला, तिने कागदावरून वाचून दाखवलं की माझ्या योगदानाबद्दल कंपनी ऋणी आहे. आवाजावरून ती तुझ्याही वयाची नव्हती.

घरात फक्त तुझ्या वहिनीला माहीत आहे. बाबांना वाटतं मी घरून काम करतो. रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आतल्या खोलीत जातो आणि दार लावतो. बाबा बाहेर आल्यागेल्याला दटावतात, "हळू बोला, आत मीटिंग चालली आहे." आत मी जुनी मासिकं वाचत असतो. तेव्हा फोन करायचं मनातही आणू नकोस. भिंत पातळ आहे आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. आत्याला तर मुळीच कळता कामा नये. तुझ्या आईला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं, फक्त दवंडीवाला मधे दम घेतो.

ठिकठिकाणी जाऊन आलो. मिसरूड न फुटलेली पोरं मुलाखत घेतात. चाळिशीचा माणूस दिसला की खुर्ची पुढे करतात, नोकरी नाही. तुमच्या बाई निदान काम बघतात. ही जागा मला हवी आहे. असं वाक्य मी तुला दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

आपलं नातं ऑफिसात सांगू नकोस. उद्या मी मुख्य झालो तर वायरीवाल्याचा दादा म्हणून ओळख नको. जोडत नसलास तरी.

तुझ्या सूचना वाचल्या. पाच पानं! चूल पेटवायची कशी हे सांगताना तू लाकडाची जातही सांगशील. फाइल सोबत जोडली आहे.

दादा


५ फेब्रुवारी

ती. दादास,

पाच पानं लिहूनही तू चुकीची फाइल पाठवलीस, म्हणजे सहा लिहायला हवी होती.

पुन्हा सांगतो. जोडीत एक कुलूप असतं आणि एक किल्ली. कुलूप मला द्यायचं, ते मी मशीनच्या दाराला लावतो. किल्ली तुझ्याजवळ राहते, ती कुणालाच द्यायची नाही. तू मला किल्ली पाठवलीस. त्या फाइलच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही खासगी आहे. लहानपणापासून ऐकत आलो की दादा वाचनात पुढे. ती जोडी मोडीत काढ आणि नवी कर.

आता नियम. हे सगळे मी केलेले आहेत आणि बाईंनी त्यांवर सही केली आहे.

वीस मिनिटं एकही बटण दाबलं गेलं नाही तर मशीन आपोआप बंद होतं. पुन्हा सुरू करता येतं, फक्त सगळं नव्याने मांडावं लागतं. मशीनवरचं काम कंपनीच्या कायमच्या साठ्यात पाठवता येतं, पण उमेदवाराला ते एकदाच, शेवटी, आणि सगळ्या चाचण्या पास झाल्यावरच. अर्धकच्चं काम आमच्या साठ्यात नको. आणि शेवटच्या दिवशी मशीन बंद झालं, की उमेदवार उठून गेला असं धरून ते पुसलं जातं. मागच्या वेळी एक जण आपले फोटो आमच्या मशीनवर ठेवून गेला होता.

तू नाक मुरडशील म्हणून आधीच सांगतो. हा नियम येण्यापूर्वी आमचे प्रोग्रॅमर मशीन तसंच चालू ठेवून चहाला जायचे आणि गप्पा हाणत बसायचे. आता माझ्या पडद्यावर बघ. सकाळपासून सगळ्यांची बटणं चालू. जेवणाच्या सुट्टीतही बोटं थांबत नाहीत. पदव्यांनी जे झालं नाही ते माझ्या एका छोट्याशा स्क्रिप्टने झालं. मार्चअखेर मला कायम करायचं की नाही हे ठरणार आहे आणि ते या नियमावरच ठरेल.

नातं सांगणार नाही. लपवायचं कारण माझ्याकडे तुझ्याहून मोठं आहे. तू नापास झालास तर मला त्याचे शिंतोडे नकोत.

टाचणी


१० फेब्रुवारी

टाचणी,

तुझं मशीन पाहिलं. कबूल करतो, स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ की त्यात काम करायला भीती वाटते, जसं काही घरांत सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढतच नाहीत.

तुमचं सॉफ्टवेअर दातांच्या दवाखान्यांच्या वेळा लावतं. कधीतरी एकाच खुर्चीवर एकाच वेळी दोन पेशंट येतात. हे का होतं ते शोधून दुरुस्त करायचं, हे माझं काम. शोधायचं म्हणजे काय करायचं असतं, टाचणी? टाइप करायचं नसतं. तुमच्या लोकांनी लिहिलेला पसारा वाचायचा असतो. मग पेन्सिल घेऊन कागदावर चौकोन काढायचे, बाण काढायचे, खोडायचे, खिडकीबाहेर बघायचं. काल मी असा बघत होतो आणि धागा हाताला लागतो आहे असं वाटलं, तेवढ्यात तुझं मशीन गपकन बंद. पुन्हा सुरू केलं, सगळं मांडलं, वाचायला लागलो, पुन्हा बंद. आज सकाळपासून तिसऱ्यांदा. बुडणाऱ्या माणसाने हात हलवावेत तशी मी मधेच बटणं बडवतो, मी जिवंत आहे हे तुझ्या स्क्रिप्टला कळावं म्हणून.

मी ज्या माणसांच्या हाताखाली शिकलो, त्यांतला सर्वांत हुशार माणूस दिवसाला चार ओळी लिहायचा. तुझ्या राज्यात तो सकाळीच मेला असता.

आठवड्यापुरता हा नियम माझ्या मशीनवरून काढ. दादा म्हणून मागत नाही. तुझ्याकडे दादा म्हणून काही मागायची वेळ यावी इतका मी अजून खाली आलेलो नाही. काम समजणारा माणूस म्हणून मागतो आहे. शनिवारी संध्याकाळी मुदत संपते.

दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,

सवलत मिळणार नाही.

काम करणाऱ्याचा हात हलतो. सुताराचा हलतो, शिंप्याचा हलतो, आमच्या इमारतीत जिने पुसणाऱ्या मावशींचाही हलतो. कपाळाला पेन्सिल लावून खिडकीबाहेर बघणाऱ्याला तू प्रोग्रॅमर म्हणतोस, आमच्याकडे त्याला रिकामा म्हणतात. विचारच करायचा असेल तर मशीन सुरू करण्याआधी कर. विचाराला वीज लागत नाही.

आमचे बाकीचे एकवीस जण याच नियमात काम करतात. त्यांच्या तक्रारी आल्या होत्या, पहिल्या आठवड्यात. मी त्यांना हेच उत्तर दिलं आणि त्या बंद झाल्या. माणसाला शिस्त आवडत नाही, पण लावली की लागते. तुलाही लागेल.

तुला सूट दिली आणि उद्या आपलं नातं बाहेर आलं, तर बाई काय म्हणतील? शाळा अर्धी सोडलेल्या पोराने भावासाठी मागचं दार उघडलं. मी इथे पाच वर्षं फक्त पुढच्या दाराने वावरलो आहे.

आणि दादा, तू हुशार आहेस हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते मला पाढ्यांसारखं पाठ आहे. त्या हुशारीला एका वेळी वीस मिनिटं पुरत नाहीत?

टाचणी


१६ फेब्रुवारी

ती. दादास,

शनिवारी मुदत संपली. काम आलं नाही.

आज बाईंनी मला विचारलं. मी जे घडलं ते सांगितलं: उमेदवार शनिवारी दुपारीच उठून गेला, मशीन बंद झालं आणि नियमाप्रमाणे पुसलं गेलं. बाई म्हणाल्या, "मी त्यांना विचारते," आणि त्यांनी तुला ईमेल केला. तू काय उत्तर दिलंस ते मला माहीत नाही. वाचून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की दुसरा उमेदवार बघावा लागेल.

मला वाटलंच होतं. तू सोडून दिलंस. अवघड गेलं की सोडायचं ही तुझी सवय घरात कुणाला माहीत नाही, कारण तुला आजवर अवघड काही कुणी दिलंच नाही. ऑगस्टपासून आतल्या खोलीत दार लावून बसलास, तिथे वेळ बरा जातो हे कळलं असेल. निदान मला दोन ओळी लिहायच्या होत्यास. मी तुझ्यासाठी मशीन दोनदा तपासलं होतं. इतरांचं एकदाच तपासतो.

मामांना मी काही सांगणार नाही. आईने विचारलं तर मात्र मला खोटं बोलता येत नाही.

उत्तर दे.

टाचणी


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र यांनी वाचलं, लॅपटॉप मिटला आणि गच्चीवर गेले. मिटलेला लॅपटॉप मी उघडला. उत्तर मी देते, कारण हे देणार नाहीत आणि तुम्हाला ते मिळायला हवं.

हे उठून गेले नव्हते. शनिवारी दुपारी यांना चूक सापडली. एखाद्याने वेळ रद्द केली आणि त्याच क्षणी दुसऱ्याने तीच मागितली, तर तुमचं सॉफ्टवेअर दोघांनाही हो म्हणतं. हे मला यांनी भिंतीवर दोन बोटं ठेवून समजावलं. सात महिन्यांत यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. लिहून झालं आणि चाचण्या लावल्या.

आता तुमचे नियम ऐका, तुम्हीच केलेले आहेत. चाचण्या पास झाल्याशिवाय काम पाठवता येत नाही. चाचण्या चालायला जवळजवळ तास लागतो. आणि वीस मिनिटं हात थांबला की मशीन बंद. मग तासभर माणसाने करायचं काय? चाचण्या मशीन करतं ना? हा माणूस खुर्चीत बसून दर थोड्या वेळाने एक बटण दाबत होता. घंटा वाजवणाऱ्या पुजाऱ्यासारखा.

मी म्हटलं, "बटणावर लिंबू ठेवा आणि जेवायला या." माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शेजाऱ्याच्या घरात शिरायला सांगितलं. "नियम मूर्ख असला तरी नियम आहे," म्हणाले. तुम्ही दोघं एकाच आजोबांचे नातू आहात याबद्दल मला कधी शंका आली तर हे वाक्य आठवीन.

तेवढ्यात मामंजींनी दार वाजवलं. त्यांचे जुने स्नेही आले होते, त्यांना मोठ्या कंपनीतला मुलगा दाखवायचा होता. हे म्हणाले, "बाबा, मीटिंग आहे." मामंजी म्हणाले, "शनिवारी? शनिवारी तुला सुट्टी असते की!" खोटंच बोलायचं तर वार बघून तरी बोलावं. बाहेर येऊन बसावं लागलं. स्नेह्यांनी आपल्या जावयाची बढती सांगितली, सुनेचं बाळंतपण सांगितलं, गुडघ्याचं ऑपरेशन दोन्ही पायांचं वेगवेगळं सांगितलं. मी दोनदा आत जाऊन बटण दाबायला उठले, तर मला म्हणाले, "सूनबाई, बसा हो, तुम्हीही ऐका." हे परत आत जाऊन बघतात तर मशीन नाहीच. होतं तिथे काही नाही. तुमची स्वच्छता वाखाणण्यासारखी आहे.

आणि बाईंना यांनी काय उत्तर पाठवलं ते तुम्हाला माहीत नाही म्हणता. ते पाठवताना मी शेजारी उभी होते. "चूक माझी. काम वेळेत पाठवलं नाही." बस. मी भांडले. खरं का नाही सांगत? तर म्हणाले, "टाचणीला मार्चमध्ये कायम करायचं आहे. नियमाचं नाव घेतलं तर त्याची नोकरी जाईल. मग आत्या त्याला इथे पाठवेल, आणि आतल्या खोलीत खुर्ची एकच आहे."

तुमच्यावर मला राग नाही. राग धरायला माणसं थोडी मोठी लागतात.

वहिनी


१९ फेब्रुवारी

ती. दादास,

हे पत्र तुला आहे, पण वहिनींनी वाचलं तरी चालेल. वाचतीलच.

वहिनींचं पत्र आल्यावर मी उमेदवारासारखं एक मशीन तयार केलं, शेवटचा दिवस लावला, चाचण्या सुरू केल्या आणि हात मांडीवर ठेवून बसलो. चाचण्या निम्म्यावरही आल्या नव्हत्या तोच पडदा काळा झाला. मशीन पुसलं गेलं होतं. मला वाटलं माझ्याकडून काही राहिलं असेल, म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तेच. नियम एकेकटे बरोबर होते. एकत्र केले तर सरळ माणसाला काम पुरं करताच येत नव्हतं.

मग प्रश्न पडला, आमच्या एकवीस जणांचं कसं होतं? जेवणाच्या सुट्टीत प्रोग्रॅमरच्या खोलीत गेलो. मी तिथे कधी जात नाही, मला सगळं माझ्या पडद्यावर दिसतं. खोलीत माणूस नव्हता. प्रत्येक कीबोर्डवर काहीतरी ठेवलेलं होतं. पंच मशीन, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, एकावर तर अर्धं सोललेलं संत्रं. सगळी बटणं चालू. माझ्या पडद्यावरचा तो सगळा उद्योग संत्र्याचा होता.

एक जण डबा घ्यायला परत आला. मला पाहून दचकला, मग हसायला लागला. "तुला खरंच माहीत नव्हतं? आम्हाला वाटलं, माहीत असून तू गप्प आहेस. आम्ही म्हणायचो, पोरगा दिसतो तेवढा दगड नाही." तो म्हणाला, "बाईंच्या कीबोर्डवर बघ जा."

बाईंच्या कीबोर्डवर पेपरवेट होता. त्या फोनवर होत्या. फोन ठेवल्यावर मी सगळं सांगितलं: दोन नियम एकत्र कसे चालत नाहीत, शनिवारी काय झालं, तू का खोटं लिहिलंस. मी अडखळलो. या वेळी त्यांनी माझं एकही वाक्य पुरं केलं नाही.

"तो माझा मामेभाऊ आहे," मी शेवटी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "सही केली त्याच आठवड्यात मला कळलं होतं की नियम कुचकामी आहे. पण तू तक्ते आणून दाखवायचास, इतका खूश असायचास. मला वाटलं, वजन ठेवतात सगळे, चालतं आहे. बटण दाबत तासभर बसणारा कुणी निघेल असं वाटलं नव्हतं." मग पेपरवेट उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. "म्हणजे एकवीस जण तुला फसवतात, मीही तुला फसवते, आणि जो एकटा फसवत नाही त्याला आपण पुसून टाकतो. वर तो मला फसवतो, ते तुझ्यासाठी. तुमच्या घरात सरळ बोलायची पद्धत नाही का?"

मी म्हटलं, "नाही."

ठरलं ते असं. उद्या सकाळपासून तुला नवं मशीन मिळेल. उद्याचा एकच दिवस. काम आलं तर बाई स्वतः वाचतील. नाही आलं तर सोमवारी दुसरा उमेदवार येतो आहे. नात्याची सूट नाही, आणि नातं आहे म्हणून नाकारणारही नाहीत. माझं मार्चमध्ये होणार नाही. वर्षअखेरीस बघू म्हणाल्या. हे तुला कळावं म्हणून लिहिलं, दया यावी म्हणून नाही.

नियम काढून टाकला. काढण्याआधी पुन्हा एकदा ओळ न् ओळ वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. त्यात फक्त बसलेला माणूस आणि गेलेला माणूस यांत फरक केलेला नव्हता. तो मी कधी केलाच नाही, मशीनच्या बाहेरही नाही. सोळा तारखेचं माझं पत्र फाडता आलं असतं तर बरं झालं असतं. ईमेलला ती सोय नाही.

मशीन तीनदा तपासलं आहे.

टाचणी


२३ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

बाईंचं पत्र आलं. पहिल्या तारखेपासून ये म्हणतात. तुझ्यामुळे मिळाली असं आत्याला सांगू नकोस. तुझ्यामुळे गेली होती हे मीही सांगणार नाही. हिशोब इथेच मिटव.

तुझ्या मामांनी नोकरी दिली असं मात्र म्हणता येईल. तो शुक्रवार सांगतो.

सकाळी तुझं पत्र वाचलं. आंघोळ केली. इस्त्रीचा शर्ट हातात घेतला आणि माझी मलाच शिसारी आली. बनियनवर बाहेर गेलो. बाबा पेपर वाचत होते. म्हटलं, "बाबा, मला नोकरी नाही. ऑगस्टपासून नाही. आज एका जागेसाठी परीक्षा आहे, दिवसभर. आत कुणाला आणू नका."

त्यांनी पेपर खाली केला नाही. पानामागून म्हणाले, "म्हणजे एवढे दिवस मी लोकांना दटावत होतो, ते तू आत काय करत होतास?"

"मासिकं वाचत होतो."

"गाढवा," ते म्हणाले, "मलाही द्यायची होतीस."

मग पेपर घडी करून ठेवला, आपली खुर्ची उचलली, माझ्या दाराला पाठ लावून मांडली आणि बसले. मी आत गेलो. काम पुन्हा लिहायला फार वेळ लागला नाही, कागद होते. तुझं मशीन काही बोललं नाही. मी खिडकीबाहेर बघितलं तरी बोललं नाही. दुपारी चाचण्या लावल्या आणि हात बाजूला ठेवून बसलो.

बाहेर ते गुडघेवाले स्नेही आले. आवाज ओळखला. "काय हो, चिरंजीव आहेत का? मीटिंग चालली असेल?"

"कसली मीटिंग!" बाबा म्हणाले. अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "माझा मुलगा बेकार आहे. आत परीक्षेला बसला आहे. चहा मिळणार नाही. या आता."

दादा